दोन एकर सोनाका काढून रीसलिंग लावू का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. तासगाव तालुक्यात घरची साडेतीन एकर बाग, सगळी सुपर सोनाका या बिनबियांच्या द्राक्षाची, माल बहुतेक बेदाण्याला. पुण्यात मित्राकडे रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची जर्मन वाइन प्यायलात आणि ती डोक्यातून जाईना. तेव्हा, वाइन करणारी माणसं या एका द्राक्षाचं नाव निघालं की एवढी हळवी का होतात, हा पहिला प्रश्न. आणि दोन एकर काढून तीच लावली तर आपल्याकडे जमेल का, हा दुसरा. वडील "खूळ आहे" म्हणतात हेही तुम्ही लपवलं नाहीत, ते बरं केलंत.

मी पलूसच्या बाजूला वीसेक वर्षं वाइन करतोय आणि या खुळाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरलेत. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो: दोन एकर काढू नका, दोन ओळी लावा. आता का, ते सांगायला जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

आधी नाव. आपल्याकडे कुणी रायझलिंग म्हणतं, कुणी रिझलिंग. जर्मन माणूस रीसलिंग म्हणतो, मीही तेच म्हणतो.

माझी पहिली रीसलिंग मला आठवते ती वासामुळे. नाशिकला शिकाऊ म्हणून काम करत होतो. वरिष्ठांनी एक ग्लास पुढे केला, मी नाक घातलं आणि म्हणालो, "सर, यात रॉकेल पडलंय." सगळे हसले. मी मात्र मस्करी करत नव्हतो. लहानपणी रेशनच्या रॉकेलचा कॅन सायकलला अडकवून आणायचो, घरी आल्यावर साबणानं धुतले तरी हाताला जो वास राहायचा, तोच तो वास. फरक एवढाच, की त्याच्या मागून लिंबाच्या सालीचा, मग मधाचा आणि शेवटी पहिल्या पावसात दगडी फरशीला येतो तसा वास आला. त्या दिवशी मला वाइन आवडली असं म्हणणार नाही. पण रात्री झोपेपर्यंत ती जिभेवर होती.

त्या रॉकेलच्या वासामागे टीडीएन नावाचं संयुग असतं. द्राक्षाच्या मण्यात गाजरात असतात तसली कॅरोटिनॉइड द्रव्यं असतात. ती मोडून त्यांच्यातून पुढे या वासाचा कच्चा माल होतो आणि बाटलीत वाइन मुरत गेली की वास हळूहळू मोकळा होतो. दहा-पंधरा वर्षं जुन्या बाटलीत तो किंचित असणं हा दागिना. पण घडांवर थेट ऊन पडलं आणि हवा उष्ण असली, तर तो दोन वर्षांतच वर येतो आणि फळाचा वास झाकून टाकतो. हे ध्यानात ठेवा, माझ्या बागेत पुढे हेच झालं.

खरा जीव जडला तो २००८ साली. त्या वर्षीची सुगी मी जर्मनीत मोझेल नदीच्या काठी एका घरगुती वायनरीत केली. तिथला उतार सांगून पटणार नाही. दोन्ही पाय एका पातळीवर ठेवताच येत नाहीत. ब्रेम गावाजवळचा कालमोंट म्हणून जो उतार आहे तो तर काही जागी ६० अंशांच्याही पुढे जातो. ना मांडव ना वाय आकाराचा तारांचा आधार. प्रत्येक वेलीला एक खांब आणि दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. पायाखाली माती दिसतच नाही, नुसत्या काळ्या-निळ्या चिपा. आपण पहिलीत ज्या पाटीवर अआइई गिरवलं, तोच दगड. दिवसभर ऊन खातो आणि रात्री वेलीला शेक देतो. पावसानं चिपा घसरून खाली आल्या की ती माणसं त्या परत वर नेऊन टाकतात. मी पहिल्या दिवशी क्रेट घेऊन तीनदा घसरलो तेव्हा घरची म्हातारी काहीतरी म्हणाली. अर्थ कळला नाही, सूर मात्र आपल्या आजीचाच होता.

या जातीचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख १४३५ सालचा आहे, तोही कवितेत नाही, हिशेबात. ऱ्हाइनजवळच्या रुसेल्सहाइममध्ये एका सरदाराच्या खर्चाच्या वहीत रीसलिंगच्या रोपांपोटी २२ शिलिंग लावलेत. बागायतदाराला हे वाचून बरं वाटतं. पुढे १७२० मध्ये ऱ्हाइनगाऊ भागातल्या श्लॉस योहानिसबेर्ग या वायनरीनं डोंगरभर हीच जात लावली. त्यांच्याकडचीच १७७५ ची गोष्ट सांगतात: तोडणीची परवानगी घेऊन येणारा स्वार फुल्डाहून, म्हणजे मालक धर्मगुरूंच्या गावाहून, फार उशिरा पोचला, तोवर घड बागेत सडू लागले होते. तसल्याच मालाची वाइन केली आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस निघाली. उशिरा तोडायची रीत तिथून रुजली म्हणतात. आपल्याकडे गाडी यायला आठवडा उशीर झाला तर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. तिथं त्याची दंतकथा झाली. हा फरक द्राक्षाचा जेवढा, तेवढाच हवेचा आहे.

आता हळवेपणाचं कारण. माझ्या मते ते एका शब्दात येतं: आंबटपणा.

गुऱ्हाळावर नुसता उसाचा रस प्या. पहिला ग्लास छान जातो, दुसरा जड होतो. त्याच रसात लिंबू आणि आलं पिळा, तिसराही जातो. साखर तेवढीच आहे, बदललं ते आम्ल. मोझेलच्या काबिनेट, म्हणजे लवकर तोडलेल्या मालाच्या हलक्या वाइनमध्ये लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते. म्हणजे ग्लासात सरळ दीड-दोन चमचे. तरी ती गोड्ड लागत नाही, कारण समोर लिटरला आठ-नऊ ग्रॅम आम्ल उभं असतं आणि अल्कोहोल जेमतेम आठ टक्के. ही तिघांची ओढाताण जिभेवर चालू राहते, म्हणून घोट संपला तरी तोंडाला पाणी सुटत राहतं. आपल्या भडंगाबरोबर पिऊन बघा. मिरची आणि लसणाच्या पुढे बहुतेक वाइन कडू पडतात, ही उलट उठून दिसते. झणझणीत मटणाबरोबरही तेच. थोडी साखर तिखट शमवते आणि अल्कोहोल कमी असल्यामुळे आग वाढत नाही.

दुसरी गोष्ट कारागिराची आहे. लाल वाइनमध्ये ओकचं पिंप असतं, सालीचा रंग आणि तुरटपणा असतो, चुका झाकायला जागा असते. रीसलिंगला नव्या ओकचा वास सहसा कुणी लावत नाही आणि मॅलिक आम्ल मऊ करणारी दुसरी किण्वनक्रियाही बहुतेक जण होऊ देत नाहीत. रस, यीस्ट, गारवा आणि वेळ, बस. टाकीत जे केलंत ते सगळं दिसतं. साध्या वरणभातावरून सुगरण ओळखावी तसं आहे. म्हणून आमच्यातल्या लोकांना ती आवडते आणि तिची भीतीही वाटते.

आणि तिसरं, एकाच जातीतून किती रूपं निघतात. मी जिथं होतो तिथं एकाच उतारावरून पाच आठवड्यांत चार वेळा तोडणी झाली. आधी काबिनेट, मग उशिरा तोडायची श्पेटलेझे, मग निवडक घडांची आउसलेझे. आइसवाइनसाठी, म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांच्या वाइनसाठी, काही ओळी जाळी लावून तशाच ठेवल्या होत्या. त्याला उणे ७ अंशांची थंडी लागते, ती येईपर्यंत मी परतलो होतो.

इथवर वाचून तुम्ही आणखी प्रेमात पडला असाल तर थांबा. आता आपल्या शिवारात या.

मोझेलला रीसलिंग जूनमध्ये फुलते आणि ऑक्टोबरात पिकते. मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरू लागल्यापासून, तोडणीपर्यंत दिवस लहान होत जातात, रात्री गार होत जातात. म्हणजे तिथं द्राक्ष पिकतं ते थंडीकडे चालत. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाणी उतरतं डिसेंबर-जानेवारीत आणि पिकतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. ते पिकतं उन्हाळ्याकडे पळत. सगळा घोळ या एका गोष्टीत आहे. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक मात्र वेल श्वासात जाळते आणि जेवढी ऊब जास्त तेवढं जास्त जाळते. दिवसा ३२ अंश असले तरी चालून जातं हो, पण रात्र १८-२० ला अडकली की आम्ल झोपेतच निघून जातं. साखर भरेपर्यंत थांबावं तर आम्ल गेलेलं, आम्लासाठी लवकर तोडावं तर वास कच्चा. मोझेलमध्ये साखर, आम्ल आणि वास यांची वेळ जुळून येते. आपल्याकडे तिघांच्या तीन वेगळ्या एसटी, तिन्ही वेगळ्या वेळेला सुटणाऱ्या.

मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. तरी २०१० मध्ये बारा गुंठ्यांत चारशे कलमं लावलीच. खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ती जात, ११० आर घेतला, डॉगरीज हा दुसरा खुंट मुद्दाम टाळला, कारण डॉगरीजवर वाढ फार जोमदार होते आणि मला काडी बेताची हवी होती. पहिला धडा रोपांनीच दिला. फळ धरलं तेव्हा चाळीसेक वेलींवर चक्क काळी द्राक्षं आली. रोपं देणाऱ्यानं दोन जातींची गड्डी एक केली होती. त्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, काळ्याला भाव जास्त आहे." काय बोलणार.

पहिलं नीट पीक २०१३ च्या फेब्रुवारीत आलं. छाटणी १० ऑक्टोबरची. शेवटच्या आठवड्यात ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, २० वर पोचला तेव्हा पीएच ३.६५ होता. पीएच जितका वर तितका आंबटपणा कमी, आणि रीसलिंगला तो ३ ते ३.२ च्या घरात हवा. हे नुसतं चवीपुरतं नाही. वाइन टिकवायला आपण गंधक वापरतो, त्याचा प्रभावी अंश पीएचवर ठरतो. ३ पीएचला लिटरमागे १३ मिलिग्रॅम मुक्त गंधक पुरतं, ३.५ ला त्याच कामासाठी ४० लागतं. म्हणजे आम्ल गेलं की चव जाते, आयुष्य जातं आणि वरून औषध तिप्पट.

टार्टारिक टाकून पीएच खाली आणता येतो आणि आपल्याकडे ते सगळेच करतात. लिटरला एक ग्रॅम टाकलं की साधारण ०.१ नं उतरतो. पण आपल्या मालात पोटॅश भरपूर असतं. त्यातला बराचसा पोटॅश आपणच शून्य-शून्य-पन्नास हे खत सोडून भरतो, गोडी यावी म्हणून. मग टाकलेल्या आम्लाचा काही भाग त्या पोटॅशला धरून स्फटिक होतो आणि टाकीच्या तळाला बसतो. बाहेरून घातलेलं आम्ल टोचतं, ही तक्रारही खोटी नाही. आमटीत चिंच शिजताना घातली तर मुरते, ताटात वरून पिळली तर वेगळी लागते.

दुसऱ्या वर्षी डोकं लावलं. आगाप छाटणी घेतली, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे माल जानेवारीच्या थंडीत पिकेल. हिशेब बरोबर होता, आम्ल खरंच चांगलं राहिलं. पण पोंगा अवस्थेपासून, म्हणजे कोंब फुटल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत परतीचा पाऊस झोडपत राहिला. केवडा हा बुरशीचा रोग असा आला की निम्मे घड गेले. रीसलिंगचा घड लहान आणि गच्च, मण्याला मणी दाबून बसलेला. आत पाणी शिरलं की बाहेर येत नाही, एक मणी फुटला की शेजारी सडतो. सोनाकाची विरळणी करून घड मोकळा करायची सवय असलेल्या आपल्या बायका तो घड हातात घेऊन म्हणाल्या, "यात कात्री घालायची कुठं?" त्या वर्षी एकूण नव्वद लिटर वाइन झाली.

आणि रॉकेल. आपण फवारणी आत पोचावी म्हणून घडाजवळची पानं काढतो, मीही काढली होती. घड उघडे, पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. पहिल्या पिकाची बाटली दीड वर्षानं उघडली तर मोझेलच्या पंधरा वर्षांच्या बाटलीत असावा त्याहून जास्त रॉकेलचा वास. फळ कुठंच नाही. बायकोनं वास घेतला आणि म्हणाली, "स्टोव्ह पेटवायचाय का?"

चौथ्या वर्षापासून शहाणा झालो. पश्चिमेकडची पानं राखली, उगवतीकडची तेवढी काढली. पोटॅश थांबवला. तोडणी पहाटे तीनला, बॅटरी डोक्याला बांधून, दोन टप्प्यांत: अर्धा माल साडेअठरा ब्रिक्सला, उरलेला दहा दिवसांनी. पहिल्यातून आम्ल, दुसऱ्यातून वास, दोन्ही एकत्र. ती वाइन चांगली झाली. लिंबाच्या पानाचा वास होता, चटकदार होती, माणसांनी मागून घेतली. पण तिला रीसलिंग म्हणायला माझी जीभ अडखळायची. मोझेलची वाइन पाण्यावरून सपकन जाणाऱ्या चपट्या दगडासारखी वाटते, माझी दोन टप्पे घेऊन बुडायची. २०१७ ला बाग काढली. एक ओळ ठेवलीय, तीसेक वेली. दरवर्षी त्यांची छाटणी मी स्वतः करतो, ते काम कुणाला देत नाही.

तळघरातलं थोडक्यात सांगतो, कारण तुमचा प्रश्न बागेचा आहे. ही वाइन १२ ते १५ अंशांत सावकाश आंबवावी लागते, तीन आठवडे, कधी जास्त. म्हणजे तीन आठवडे अखंड चिलर. एका वर्षी ऐन भरात वीज गेली आणि जनरेटरचा बेल्ट तुटला. सकाळपर्यंत टाकी १४ वरून २३ वर गेली होती. वाइन बिघडली नाही, पण नाकात पिकलेल्या केळ्यापलीकडे काही उरलं नाही. गोडवा ठेवायचा असेल तर आंबणं मध्येच गारठवून थांबवायचं आणि बारीक गाळणीतून गाळून भरायचं. एखादं जिवंत यीस्ट आत राहिलं तर मे महिन्यात बाटलीचं बूच उडतं. हा सगळा खर्च दोन एकरांच्या मालावर निघत नाही.

आता वडिलांच्या बाजूनं बोलतो. ते "खूळ" म्हणतात त्यामागे बहुधा एक आठवण असेल. २००१ च्या राज्य सरकारच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आपल्याकडेही हवा तयार झाली, पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क आलं, पुष्कळांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या मंदीनंतर वायनऱ्यांकडे साठे पडून राहिले आणि करार केलेला माल बागेतच लटकला. माझ्या ओळखीच्या एका बागायतदारानं तेव्हा काब्रने या लाल वाइनच्या जातीचा माल गुरांना घातला. कराराचा कागद त्याच्या कपाटात अजून आहे. त्यानं नंतर बाग काढली आणि ऊस लावला.

बेदाण्याच्या मालाला दोन दारं असतात. ताजा भाव मिळाला तर गाडी भरायची, नाही मिळाला तर शेडवर टाकायचा आणि चार किलोचा एक किलो करून तासगाव नाहीतर सांगलीच्या सौद्याला न्यायचा. स्टोरेजला ठेवून सहा महिने वाटही बघता येते. रीसलिंगला एकच दार. मणी लहान, आत बी. ना खायला कुणी घेणार ना बेदाण्याला. वायनरीनं नाही म्हटलं की विषय संपला. त्यात उत्पादन सोनाकाच्या निम्म्याच्या आसपास धरा, कारण जास्त धरलं तर वास पातळ होतो. म्हणून लेखी मागणी, दर आणि तोडणीची तारीख कोण ठरवणार हे कागदावर असल्याशिवाय वाइनची कुठलीही जात लावू नये. तारखेचा मुद्दा विसरू नका. आठवडाभर माल थांबवला तर वजन घटतं, तो तोटा कुणाचा, यावरूनच भांडणं होतात.

मग रीसलिंगवरच्या प्रेमाचं काय करायचं? मी काय केलं ते सांगतो, तुम्हाला लागू पडेल की नाही तुम्ही बघा. तिच्याकडून जे शिकलो ते मी शेनिन ब्लांला लावलं. शेनिन ही फ्रान्समधल्या लुआरची जात, मुळात आम्ल धरून ठेवणारी, आणि आपल्या हवेत तिनं स्वतःला सिद्ध केलंय. पूर्वी आम्ही ती २२-२३ ब्रिक्सला तोडायचो, बेदाण्याच्या सवयीनं, गोडी भरू दे म्हणत. आता साडेएकोणीसला तोडतो, अंधारात. रस लगेच गार करतो, १३ अंशांवर आंबवतो आणि लिटरला अठरा ग्रॅम साखर राहिली की थांबवतो. अल्कोहोल साडेदहाच्या आत राहतं. ओक नाही, काही नाही. परवा एका ग्राहकानं विचारलं, "यात लिंबू पिळलंय का?" मला रीसलिंगच्या बाटलीसाठी मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा ते जास्त आवडलं.

हे सगळं खूपसं जागेवर अवलंबून आहे, हेही मान्य करतो. माझी जमीन नदीकडची, भारी, रात्री उबदार. तुमची बाग तासगावच्या पूर्वेला हलक्या माळावर असेल तर चित्र थोडं वेगळं असेल. खानापूरच्या घाटमाथ्यावर माझ्या मित्राच्या बागेत जानेवारीतली रात्र माझ्यापेक्षा दोन-तीन अंश गार असते, आणि तेवढ्यानं फरक पडतो. तिकडे जमीन असती तर मीही अजून चार वर्षं हट्ट केला असता.

म्हणून असं करा. या हिवाळ्यात आधी बागेत घडांच्या उंचीवर एक किमान-कमाल तापमापी टांगा आणि १५ डिसेंबरपासून रोज सकाळी रात्रीचा आकडा वहीत लिहा. पाणी उतरल्यावर दर आठवड्याला तुमच्याच सोनाकाचे शंभर मणी वेगवेगळ्या वेलींवरून, घडाच्या वरून, मधून, खालून असे घ्या, फडक्यात पिळा, ब्रिक्स आणि पीएच मोजा. साधं पीएच मीटर महाग नाही, फक्त वापरण्याआधी दरवेळी बफरनं, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणानं, जुळवून घ्या. फेब्रुवारीअखेर त्या वहीत साखरेची रेघ वर आणि आम्लाची खाली जाताना स्वतः बघाल. सोनाका म्हणजे रीसलिंग नव्हे, पण जमीन तीच, रात्र तीच.

त्यानंतरही वाटलं तर फेब्रुवारीत दोन ओळींना खुंट लावा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम करा. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर मावळतीकडची पानं राखायला सोपं जातं. काडी खात्रीच्या ठिकाणाहूनच आणा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आधी चौकशी करा आणि दुसऱ्या कुणाकडून आणलीत तर त्याच्या बागेत फळ असताना जाऊन मूळ वेल डोळ्यांनी बघून या. माझी चाळीस काळी द्राक्षं विसरू नका. दोन ओळींचा खर्च वडिलांना सांगताना पूर्ण सांगा, तारांसकट.

शेवटी तुम्ही विचारलंत की भारतात झालेली रीसलिंग प्यायला मिळते का. मिळते, नाशिकच्या सुला वाइनयार्ड्सनं ती केली आहे. ती आणि एक मोझेलची काबिनेट एकाच संध्याकाळी, दोन्ही सारख्या गार करून, शेजारी शेजारी ठेवून प्या. आधी दोन्हींचा नुसता वास घ्या, मग भडंग खाऊन घोट घ्या. कुठली जास्त चांगली हे शोधू नका, कुठला घोट तोंडात किती वेळ राहतो ते घड्याळ लावून मोजा.

माझ्याकडे २००८ च्या त्या सुगीच्या सहा बाटल्या होत्या, आता एक उरलीय. मागची उघडली तेव्हा रंग करडईच्या तेलासारखा झाला होता आणि बुचाच्या आतल्या बाजूला टार्टारिकचे खडे चमकत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, यात खडीसाखर आलीय." तुमच्या दोन ओळींना पहिलं पीक येईल तेव्हा दोन क्रेट पहाटे तोडून, ऊन चढायच्या आत पलूसला घेऊन या. माझ्या परवान्याच्या जागेत वीस लिटरच्या काचेच्या बरणीत आंबवून बघू आणि ती शेवटची बाटली त्याच दिवशी उघडू. वडिलांनाही आणा.